दुर्री-पंजीवर लावलेलं लग्न

कर्जत, शुक्रवार

आदरणीय सुनिताताईस, धाकट्या जगदीशचा सप्रेम जय भीम.

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? आम्ही इकडे बरे आहोत. पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू देत नाहीस, आणि ही हकिगत पहिल्या वाक्यात मावणारी नाही.

तू मला लोधिवलीला पाठवलंस ते एकच निरोप देऊन: तुझ्या नीलेशचं लग्न शेलूच्या हॉलमध्येच होईल, मुलीकडच्यांच्या अंगणात नाही. तो निरोप मी टमटममध्ये चौक गावापर्यंत पाठ करत गेलो (मांडीवर कुणाचं तरी दुधी भोपळ्यांचं पोतं होतं, तरीही). पोचलो तर मुलीचे वडील कोंडीराम अजून कामावरून यायचे होते. घरात आपली होणारी सून मेघा आणि तिची आत्या येसूबाई. आई गेल्यापासून मेघाला वाढवलं ते या आत्यानेच. जेवण झालं, सुकटीची चटणी उत्तम होती (दोनदा घेतली), मग चहा आला आणि चहाबरोबर येसूबाईंनी चटईवर पत्ते काढले. "तीन पत्ती येती का रं?" जुगार नव्हे हं ताई, चिंचोके लावून.

पहिल्या डावाला माझी पानं भिकार होती, पण चेहरा असा ठेवला की हातात तीन एक्के आहेत. येसूबाईंनी पानं टाकली. दुसऱ्या डावालाही तेच. (त्यांची पानं खरोखरच वाईट होती म्हणून त्यांनी टाकली, हे डोक्यात आलं नाही. मला वाटलं, माझा चेहरा.) मग मला दुर्री, पंजी आणि अठ्ठी आली, तीनही वेगळ्या रंगांची. असल्या पानांवर शहाणा माणूस हात खाली ठेवून पाणी प्यायला उठतो. मी बशीतल्या चहावर फुंकर घालत चाल वाढवली. त्यांनीही वाढवली. असं करता करता माझे चिंचोके संपले.

"आता काय लावतोस?"

"लग्न लावतो!" मी म्हणालो. "मी हरलो तर तुमच्या अंगणात, तुम्ही हरलात तर शेलूच्या हॉलवर."

पावटे सोलणाऱ्या मेघाचे हात थांबले. "टाक रं पानं," येसूबाई हळूच म्हणाल्या. "अजून येळ हाय."

ताई, मला वाटलं बाई घाबरल्या. म्हणालो, "शो!"

त्यांच्याकडे तिर्रीची जोडी होती. नुसती तिर्रीची! एवढ्यावर पानं न टाकता टिकलात कशा, असं विचारलं तर म्हणाल्या, "बशी कवाच रिकामी झाली, अन् तू अजून फुंकर घालतोस."

मग मी, जे आल्या आल्या विचारायला हवं होतं, ते विचारलं: अंगणाचाच हट्ट कशाला?

"मला गाडी लागती रं. चौकला जाईस्तवर जीव अर्धा होतो, शेलूला कशी येऊ? पोर माझ्या हातची, अन् तिचं लगीन मी फोटूत बघू?" मेघा पुन्हा पावटे सोलू लागली. येसूबाईच पुढे म्हणाल्या, "पत्त्यांवर लगीन ठरत नाय. तुझ्या ताईला इचार. ती नाय म्हनली तर नाय."

जिंकलेल्या बाईने आवाज चढवला नव्हता, आणि मी दुर्री घेऊन ओरडत बसलो होतो.

तर ताई, विचारतो: लोधिवलीला करायचं का? अंगण मोठं आहे, विहार शेजारीच. तू नको म्हणालीस तर निमूट ऐकेन.

तुझा,
जगदीश

ता. क. हॉलवाल्याला मी परवाच 'नको' सांगून आलो.

दुसरा ता. क. नीलेशवर ओरडू नकोस. त्याला पहिल्यापासून लोधिवलीलाच करायचं होतं, तुला सांगायचा धीर होत नव्हता. हॉलवाल्याकडे तोच मला गाडीवर घेऊन गेला.

तिसरा ता. क. पुढच्या रविवारी येसूबाईंनी तुला जेवायला बोलावलंय. तू आनंदाने येतेस असं मी कळवून टाकलंय. भाऊजींना मात्र हे सगळं तूच सांग. माझ्याच्याने व्हायचं नाही.