वसिष्ठाशेजारची धाकली

२९ मार्च. आबांचं धाबं.
दुपारच्या एसटीने धुळ्याहून पिंपळनेर, पुढे जीपने गावात. आबांनी धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, पाणी मारून गोधड्या टाकून ठेवल्या होत्या. (आबा म्हणजे माझे धाकटे काका. दादा, म्हणजे माझे वडील, गेल्यापासून माहेर म्हणजे तेच.) आकाश धुतल्यासारखं. समोरच्या डोंगरावर पवनचक्क्यांचे लाल दिवे, सगळे एकदम लागतात, एकदम विझतात. पूर्वी मला ते आवडायचे, आता तारे बघताना खुपतात.

जेवणं आटोपून वीसेक माणसं माझ्या आकाशदर्शनाला वर चढली. धाबं खचतं की काय वाटलं. नेहमीसारखी आधी डोळ्यांची परीक्षा, मग दुर्बीण. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला चिकटून बारीक अरुंधती. (पुढे व. आणि अ.) दोन्ही दिसले की डोळा ठणठणीत. मग माझा ठरलेला विनोद: "जुने लोक म्हणायचे, ज्याला अरुंधती दिसत नाही तो सहा महिन्यांत जातो. साफ खोटं. त्याला फक्त चष्मा लागतो!" लोक हसले. किती वर्षं हसताहेत.

"बठ्ठाले दिसनी?" (आमच्या अहिराणीत, सगळ्यांना दिसली?) बठ्ठाले दिसनी. आबा पण "दिसनी" म्हणाले. फक्त शेजारच्या तुळसाकाकू कपाळावर हात धरून बघत बसल्या. "एकच तं शे, नलू. दुसरी कोठे शे?" चष्मा करून घ्या म्हटलं. गुरूचे चंद्र छान दिसले.

४ मे. धुळे.
सकाळी लॅबमध्ये असताना आबांचा फोन, कुणाकडून तरी लावून घेतलेला. त्यांना स्वतःला लावता येत नाही. "तुळसा गयी." एवढंच.

काकूंची साखर मीच तपासत होते. पाय काळा पडला होता, डॉक्टरांनी हात टेकले होते. सगळं सरळ आहे. तरी फोन ठेवल्याबरोबर मनात महिने मोजले, मार्च, एप्रिल... स्वतःची लाज वाटली. दिवसभर स्लाइडी बघितल्या. एकही चुकली नाही.

२४ मे. आबांचं धाबं.
हे काय चाललंय.

आज कार्यक्रम नव्हताच. मी एकटीच शांतपणे बघायला आले होते. अंधार पडला तशी माणसं शिडीवरून वर यायला लागली. आमच्या गावची, शेजारच्या गावांची, तोंडओळख नसलेली. एक सून सासूला मोटारसायकलवर, उन्हाळ्यात शाल गुंडाळून घेऊन आली. दुर्बिणीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. एकेकाने धाब्याच्या मध्यात उभं राहायचं, उत्तरेकडे बघायचं, "दिसनी" म्हणायचं आणि उतरायचं. बोलणं नाही, हसणं नाही. बघताना पण आकाशाकडे कमी, माझ्या तोंडाकडे जास्त.

बोटं मात्र भलतीकडेच. एकाने तर गुरू मावळला तिकडे दाखवलं. म्हणजे कितीतरी जण खोटं बोलून उतरले. शाल गुंडाळलेली म्हातारी बराच वेळ उभी राहिली, मग हळूच "दिसनी" म्हणाली, आणि सून रडायला लागली. आनंदाने असावी.

शेवटचा माणूस शिडीवरून खाली जाताना थांबला. "ताई, तुळसाबाई जाई हे तुम्हले आधीच माहीत व्हतं का?"

ज्योतिष्यांना आयुष्यभर शिव्या घातल्या आणि आता मीच गावची भगतीण. करायला गेले गणपती आणि झालं माकड.

२५ मे. दुपार.
शून्य सावलीचा दिवस. सूर्य बरोबर डोक्यावर, उभ्या वस्तूची सावली तिच्याच पोटात जाते. धाब्यावर तांब्या ठेवला, लोखंडी पाइप उभा केला. खालून सात-आठ जण बघत होते, वर कुणी येईना. अंगाखाली सावली नसलेल्या माणसाच्या गोष्टी इथे सगळ्यांना पाठ.

आबा आले. पाइपाशेजारी उभे राहिले. सावली आत आत सरकत पायांखाली गेली. सगळीकडे पांढरं ऊन, आबा आणि तो पाइप, दोन्ही जमिनीपासून सुटल्यासारखे. असा फोटो कधी काढायचा नाही असं ठरवलं.

तिथेच, त्या उन्हात, आबा म्हणाले, "मले पहिल्या दिवशीच दिसनी नही. बठ्ठा दिसनी म्हने, मंग मी बी म्हनी दिधं."

डोळ्यात मोतीबिंदू. जवळून बघितलं, उजवी बाहुली दुधाळ. किरकोळ गोष्ट आहे, पाच-दहा मिनिटांचं ऑपरेशन. तसं बोलले. आबा म्हणाले, "दसरालगून मी ऱ्हासू का नही त्यान्हा भरोसा नही. मंग डोळाले चाकू काबर लावाना?" (मार्चपासून सहा महिने दसऱ्यापर्यंत भरतात.)

२२ जून. जळगाव, मेहरूण.
आबांच्या मुलाकडे, प्रकाशकडे. डोळ्यांच्या डॉक्टरांना आबांच्या डोळ्याचे फोटो दाखवून आलो. मोतीबिंदू पिकलाय, आता थांबलं तर आत दाब वाढून डोळा कायमचा जाईल.

प्रकाश महिनाभर समजावतोय. आबा हो-ना काही करत नाहीत. यंदा वावर पण वाट्याने देऊन टाकलं. गाय प्रकाशच्या मामांकडे. प्रकाशच्या आईचे दागिने डब्यातून काढून सुनेला दिले. चहा पिता पिता प्रकाश म्हणाला, "तूच त्यांच्या डोक्यात घातलंस ना नलूताई? मग तूच काढ." बायको त्याला गप्प करायला लागली. मी म्हटलं, राहू दे, बरोबर बोलतोय.

तलावावर फिरून आले. वर ढग.

३ ऑगस्ट. आबांकडे.
पावसाने उघडीप दिली तीही दुपारची. आकाश नाहीच. आबा ओसरीवर बसून डोंगराकडे बघतात. लाल दिवे त्यांना दिसतात. "लाइटी दिसतस. चांदनी नही," असं हसून सांगतात, आणि ते हसणं मला सोसत नाही.

सगळं सांगून झालं होतं. भिंगाचं चित्र काढून, बुबुळाचं काढून, तुळसाकाकूंचे रिपोर्ट दाखवून. शेवटी भाकरी मोडता मोडता बोलून गेले. "आबा, मले बी दिसत नही."

हातातला घास ताटात ठेवला त्यांनी. कधीपासून, विचारलं. मार्चपासूनच, म्हटलं. मग उठून खुंटीवरची टोपी घातली. "पहिले तुन्हा डोळा दखाडू. चाल."

खोटं आपल्या बोलीत किती सहज निघतं. वाईट वाटलं पण बरंही वाटलं. काट्याने काटा.

१७ ऑगस्ट. जळगाव.
डॉक्टरांनी दोघांचे डोळे एकाच बैठकीत तपासले. आबांचं ऑपरेशन लगेच करा. माझे? "मॅडम, या वयात इतके चांगले डोळे मी कमी बघतो."

हे मला आधीच कळायला हवं होतं. बाहेर बाकावर आबा माझ्याकडे बघेनात. मग: "डॉक्टर म्हने तुन्हा डोळा चांगला शे. मंग ती दिसत नही काबर?"

डोळा खराब असता तर चष्मा. डोळा चांगला आणि तरी दिसत नाही, म्हणजे त्यांच्या हिशोबाने... मी घाईघाईने खरं सांगितलं. खोटं बोलले होते, तुम्ही दवाखान्यात यावं म्हणून. मला दोन्ही दिसतात, लख्ख दिसतात.

"आते खोटं बोलस. मले बरं वाटाले."

शपथ घेतली. दादांची घेतली. उपयोग नाही. पण ऑपरेशनला तयार झाले. प्रकाशला वाटलं मी जिंकले. आबा रिक्षात बसताना माझ्या कानाशी म्हणाले, "तुन्हासाठे दखाले कोणी तं पाहिजे." म्हणजे तुझ्यासाठी बघायला.

८ सप्टेंबर. मेहरूण.
ऑपरेशन नीट झालं. कालचं चंद्रग्रहण ढगातच लागलं, ढगातच सुटलं. आबा काळा चष्मा लावून गॅलरीत बसले होते. म्हटलं दिसत काही नाही, झोपा. "तू झोप. मी शे ना."

३ ऑक्टोबर. धुळे.
दसरा झाला. आबा धडधाकट. प्रकाशने आपटा दिला तेव्हा मिठीत घेतलं म्हणे त्याला. मी फोनवर विचारलं, "काय आबा, गेले का सहा महिने?" ते हसले नाहीत. "मन्हा तं डोळाच खराब व्हता," म्हणाले.

म्हणजे त्यांचा प्रश्न मिटला. माझा राहिला. सप्तर्षी आता संध्याकाळी क्षितिजाखाली. नोव्हेंबरात पहाटे ईशान्येला उगवतील, तेव्हा आबांच्या शेजारी उभी राहून बोटाने दाखवीन आणि हा खेळ संपवीन.

२६ ऑक्टोबर. आबांचं धाबं.
धूमकेतू! सूर्य मावळल्यावर पश्चिमेला, छोट्या दुर्बिणीत, फिकट हिरवट ठिपका आणि अंदाजाने शेपटी. आबांनी पण बघितला. नव्या डोळ्याने त्यांना सगळ्याचं अप्रूप. चंद्रावरचे डाग, शेजारच्या पत्र्यावरची अक्षरं, माझे पांढरे केस. गावातलं कुणी वर आलं नाही. खाली अंगणात उभे राहून सगळे आम्हा दोघांकडे बघत होते. तुळसाकाकूंच्या घराला कुलूप.

२३ नोव्हेंबर. आबांचं धाबं. पहाट.
हात गार पडलेत. जसं झालं तसं लिहिते.

आबांनीच उठवलं. थंडी सडकून, आकाश काळंभोर. ईशान्येला सप्तर्षी उभे, शेपटी खाली. आबांनी कानटोपी मागे सारली, मान वर केली, आणि लहान पोरासारखे ओरडले, "दोन शेतस! दोन! धाकली शे!" मला इतका आनंद झाला की मी त्यांचा हात धरून नाचायचीच राहिले. मग मी वर पाहिलं.

एकच.

डोळे चोळले. थांबले. बारीक तारा थेट बघायचा नसतो, जरा बाजूला नजर ठेवायची, म्हणजे तो डोळ्याच्या कडेला उमटतो. हे मीच शिकवते लोकांना. तसं केलं. व. आहे. शेजारचे सगळे आहेत. पश्चिमेला कृत्तिका पाहिल्या, सहाच्या सहा, नेहमीसारख्या. परत वर. एकच. छोटी दुर्बीण लावली, दोन. दुर्बीण काढली, एक. समोर डोंगरावर लाल दिवे लागत होते, विझत होते.

"तुले दिसस ना?"

"दिसस, आबा."

"कोनता अंगे शे?"

त्यांनी हे विचारायचं ठरवूनच ठेवलं असणार. मे महिन्यातल्या त्या बोटांचा खेळ त्यांनीही बघितला होता. वर्षाच्या या वेळी, पहाटे, उगवताना अ. व.च्या खाली येते, किंचित डावीकडे. हे मला पाठ आहे. "खाले. जराशी डावीकडे."

आबांनी वर बघून ताडून घेतलं. मान हलवली. मग माझ्या तोंडाकडे बघितलं, शाल गुंडाळलेल्या सासूकडे त्या सुनेने बघितलं होतं तसं. मी खाली उतरून चहा टाकला.

२५ नोव्हेंबर. धुळे.
इथल्या डॉक्टरांकडे डोळे पुन्हा तपासले. बाहुली मोठी करून, पडदा बघून, सगळं. काही नाही. "ताण आहे का कामाचा?" आहे म्हटलं. गच्चीवरून बघितलं. शहराच्या उजेडात तशीही कठीणच असते. हे मी स्वतःला तीनदा सांगितलं.

७ डिसेंबर.
आबा रोज सकाळी फोन करतात. स्वतः. प्रकाशने हिरवं बटण शिकवलंय.
"ऊठनी का?"
"हा."
"बस. ठेव."

ताऱ्याचं नाव कुणीच काढत नाही. लॅबमध्ये नवीन मुलीने विचारलं, मॅडम रोज याच वेळी कोणाचा फोन? काका, म्हटलं. किती काळजी करतात, म्हणाली.

मी घाबरले आहे. हे एवढं लिहून टाकते. मला माहीत आहे की ते खोटं आहे, आणि मी घाबरले आहे. दोन्ही एकाच डोक्यात नीट मावतं.

२१ डिसेंबर. आबांचं धाबं.
काल आमच्या आकाशदर्शन मंडळाच्या ग्रुपवर मेसेज: सर्वांनी वर्षातली आपली ठळक निरीक्षणं पाठवा. मी पाठवलं: धूमकेतू, शून्य सावली, मिथुन राशीतल्या उल्का (या खरंच सुंदर होत्या, एक तर पवनचक्क्यांवरून आडवी गेली). खाली कुणीतरी विचारलं, डोळ्यांनी दिसलेलं सगळ्यात बारीक काय? उत्तर दिलं नाही.

आबा आज प्रकाशकडे आहेत, जळगावला. मी मुद्दाम एकटी आले. पहाटे वर चढले. धुकं नाही, चंद्र नाही, यापेक्षा चांगलं आकाश मिळणार नाही. व. आता बराच वर. मान दुखेपर्यंत बघितलं. एकच.

फोन वाजला.
"ऊठनी का?"
"हा."
"धाबावर शे?"
कसं कळलं कोण जाणे. "हा आबा."
"मी बी गच्चीवर शे. दखी ऱ्हायनू."

पुढे "बस, ठेव" यायची वाट बघितली. पलीकडे वारा, कुठेतरी कुत्रं भुंकलं. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी विचारलं, "आबा, ती शे का?"

"शे. जागावर शे." मग जरा थांबून, "ठेवू नको."

उजाडून सगळे तारे पुसले जाईपर्यंत दोघांनी फोन कानाला धरून ठेवला. मग आबांनी चहा घेतला का विचारलं. नाही, म्हटलं, आता टाकते.