लंकाबाईंच्या सहीचं कार्ड

सुपा,
५ ऑक्टोबर २०२५

ति. सत्यशीलाताईस,
बिभीषणाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसतं हं-हं करतो म्हणून तू पत्राचा हुकूम काढलास. पोस्टात नोकरी करणाऱ्या बहिणीपुढे कुणाचं काय चालणार? तुझ्या पोस्टाला तेवढंच एक गिऱ्हाईक.

मी सुधारणा प्रमुख झालो त्याला तीन महिने झाले. काम असं, की पंप जोडणाऱ्या आमच्या माणसांनी आपल्या कामात काय बदलावं ते स्वतः सुचवायचं आणि मी ते घडवून आणायचं. प्रत्येकानं महिन्याला एक कार्ड लिहून पेटीत टाकायचं. पुण्याहून आलेल्या साहेबांनी आम्हाला दोन दिवस शिकवलं, की पुढाऱ्यानं हुकूम सोडायचे नाहीत. कामाच्या जागी जाऊन उभं राहायचं, बघायचं, विचारायचं. मला ते मनापासून पटलं. अकरा वर्षं मी पॅकिंगच्या टेबलाशी पंपांत रबरी रिंगा बसवत उभा होतो, पण मला कधी कुणी काही विचारलं नाही.

पण आता मी वही घेऊन गेलो की बोलणी थांबतात. पूर्वी माझा डबा उघडला की चार हात आत यायचे. आता मी शेजारी बसलो की लोकांना हात धुवायची घाई होते.

खंडेनवमीला मशिनींची पूजा झाली, पेढे वाटले. मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांत चांगल्या कार्डाबद्दल लंकाबाईंचा शाल-नारळ देऊन सत्कार केला. लंकाबाई म्हणजे मला काम शिकवणाऱ्या, तुला मागे सांगितलं होतं. माईकवर त्यांचं पूर्ण नाव पुकारलं तेव्हा त्या उठल्याच नाहीत. शेजारच्या रेश्मानं ढकललं तेव्हा कुठे उठल्या. दिवसभर शाल पांघरूनच काम केलं, एवढ्या उन्हाची.

आईला नमस्कार. माझ्यावरची माया आटली नसेल तर दोन ओळी टाक.

तुझा,
बिभीषण

---

तिसगाव,
११ ऑक्टोबर २०२५

चि. बिभीषणास,
सत्यशीलेचे अ. उ. आ.

सुधारणा प्रमुख म्हणे! लहानपणी चपला उंबऱ्यात सोडू नकोस म्हणून मी घसा कोरडा केला, तेव्हा कुठे गेली होती तुझी सुधारणा? आईनं पेढ्याचं ऐकलं आणि तिची पहिली चौकशी हीच, की तिच्यासाठी एखादा ठेवलास का.

आता मुद्द्याचं. राहुरीचं स्थळ जमल्यात जमा आहे. मुलीचं नाव स्नेहल. विद्यापीठात बियाण्यांच्या प्रयोगशाळेत कामाला आहे, बोलायला शांत आहे. कंपनीतला मुलगा म्हटलं की लोक तोंड फिरवतात हे तुला मी सांगायला नको. चार ठिकाणी आपण पोहे खाऊन परत आलो आहोत. या वेळी मी प्रमुख हा शब्द असा काही उच्चारला, की मुलीच्या वडिलांनी तीनदा मान डोलावली. नऊ नोव्हेंबरला साखरपुडा धरला आहे.

बाबा रे, तू चौतिशीला आलास. सात वाजता आई निजते, मग टीव्ही बंद करायलासुद्धा मला कुणाला विचारावं लागत नाही. एकटं राहणं काय असतं ते मला माहीत आहे. ते तुझ्या वाट्याला येऊ नये, एवढीच माझी धडपड.

भाऊबीजेला ये, शर्ट इस्त्रीचा घालून ये.

रागावले तरी तुझीच,
ताई

---

सुपा,
२६ ऑक्टोबर २०२५

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भाऊबीजेला ओवाळताना तू विचारलंस, तोंड का उतरलंय. मी प्रवासावर ढकललं. खोटं बोललो. समोर बसून सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून लिहितो.

पेटीत कार्डं यायची, पण कोरी. खाली सही, वर काहीच नाही. महिन्याला एक कार्ड टाका असं मी सांगितलं होतं, त्यांनी टाकलं. इकडे दर शनिवारी बोर्डावर आकडा लावायचा असतो, आणि आमच्या विभागाचा आकडा सगळ्यांत कमी. मॅनेजरसाहेब त्या बोर्डापुढे उभे राहून माझ्याकडे बघायचे. शेवटी मी लोकांच्या सह्यांवर स्वतःच मजकूर लिहायला लागलो.

लंकाबाईंच्या सहीवर मी लिहिलं, की रिंगांचा ट्रे टेबलाच्या मधोमध ठेवला तर तिघींचं काम दोघींत होईल. मला वाटलं, तिसरीला दुसऱ्या टेबलावर घेऊ. सुधारणेपायी कुणाचंही काम जाणार नाही, असा मी सगळ्यांपुढे शब्द दिला होता. दिवाळीच्या तीन दिवस आधी कंपनीनं रेश्माला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. मी मॅनेजरसाहेबांकडे गेलो, तर ते म्हणाले की ही कल्पना तुमच्याच माणसांची आहे.

आता सगळ्यांना वाटतं, लंकाबाईंनी शालीसाठी रेश्माचं काम घालवलं. कंपनीच्या बसमध्ये त्यांच्या शेजारी कुणी बसत नाही. त्या सीटवर पिशवी ठेवून खिडकीबाहेर बघत बसतात. कार्डावरचा मजकूर माझ्या मनचा होता हे त्यांना अजून माहीत नाही. खरं सांगायचं तर ते सगळ्यांसमोर सांगावं लागेल, आणि सांगितलं तर हे पद राहणार नाही. मग राहुरीच्या मंडळींना काय सांगणार?

तू सांगशील तसं करीन. तुझ्या मायेवर अजून माझा हक्क आहे, असं धरून चालतो.

तुझा,
बिभीषण

---

तिसगाव,
२९ ऑक्टोबर २०२५

चि. बिभीषणास,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि डोकंच फिरलं. दुसऱ्याच्या सहीवर लिहितोस? पोस्टात असं कुणी केलं असतं तर त्याला मीच घरी बसवलं असतं.

पण झालं ते झालं. नऊ तारखेपर्यंत तोंड उघडू नकोस. दहा-अकरा दिवसांचा तर प्रश्न आहे. साखरपुडा होऊ दे, मग शांतपणे साहेबांना सांग. लंकाबाई पन्नाशीच्या बाई आहेत, आणखी दहा दिवस सोसतील. तुझं आयुष्य एकदा उभं राहू दे.

हे मी लिहिते आहे, तू मुकाट्यानं ऐक.

तुझी,
ताई

---

तिसगाव,
३१ ऑक्टोबर २०२५

चि. बिभीषणास,
अ. आ.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. परवाचं पत्र फाडून टाक.

ते पेटीत टाकलं तेव्हापासून जेवण गोड लागेना. मी सासरहून परत आले, त्या वर्षी गावात माझ्याबद्दल एक खोटी गोष्ट पसरली होती. तुला आठवणार नाही, तू शाळेत होतास. ती खोटी आहे हे एका माणसाला पक्कं ठाऊक होतं. तो दहा दिवस नाही, आठ महिने गप्प राहिला, आणि नंतर बोलला तेव्हा कुणाला ऐकायची गरज उरली नव्हती. आणखी दहा दिवस सोसतील असं मी लिहिलं. मी, सत्यशीलेनं लिहिलं. लाज वाटली.

तुला योग्य वाटेल ते कर. राहुरीला मी स्वतः जाऊन सांगेन.

चुकलेली,
ताई

---

सुपा,
३ नोव्हेंबर २०२५

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पहिलं पत्र शुक्रवारी मिळालं, दुसरं आज. मधल्या शनिवारी मी बोलून मोकळा झालो होतो. पहिल्यांदाच तुझं ऐकलं नाही, आणि आता कळतं की ऐकलंच होतं.

सकाळच्या सभेत सगळे उभे असताना सांगितलं. सगळी कार्डं माझ्या हातची आहेत, लंकाबाईंचा काही दोष नाही, रेश्माचं काम माझ्यामुळे गेलं. मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांचं म्हणणं, हे आत येऊन सांगायचं होतं, चारचौघांत नव्हे. तरी एवढं केलं, की रेश्माला परत बोलवा म्हणाले. माझं पद काढलं. आजपासून मी पॅकिंगच्या टेबलावर.

मला वाटलं होतं, लंकाबाईंच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मला वाटलं हुतं, मी कवातरी कायतरी चांगलं बोलले आसंन, ते तुमी ध्यानात ठिवलं आसंल. माईकवर नाव घेतलं ते बी खोटंच व्हय? ताई, मी त्यांचं नाव साफ करायला गेलो आणि आयुष्यात एकदा त्यांना मिळालेला मान काढून घेतला.

एवढं मात्र झालं, की आज बसमध्ये एका बाईनं त्यांच्या सीटवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि तिथे बसली.

राग असेल तर असू दे, पण पत्र लिहीत जा.

तुझा,
बिभीषण

---

तिसगाव,
८ नोव्हेंबर २०२५

चि. बिभीषणास,
अ. उ. आ.

राहुरीला जाऊन आले. मुलीच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मुलगा खरा वाटतो म्हणाले, आणि लगेच असंही म्हणाले की मुलीचा विचार करावा लागतो. त्यांना तरी काय बोल लावायचा? साखरपुडा मोडला.

कप उचलायला स्नेहल आली, तेव्हा तिनं एकच विचारलं, की त्या रेश्माचं पुढे काय झालं. तू मला कळवलंच नव्हतंस.

आई म्हणते, पोरगं वाळलं असेल. लाडू पाठवते आहे, एकट्यानं खा नाहीतर वाटून खा, पण खा.

तुझी,
ताई

---

सुपा,
१६ नोव्हेंबर २०२५

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लाडू पोचले. रेश्माचं कळवायला जड जात होतं. फोन लागेना म्हणून तिच्या घरी गेलो, तर दाराला कुलूप. या नोकरीमुळे तिचं ऊसतोडीला जाणं सुटलं होतं. काम गेलं म्हणून नवऱ्याबरोबर पुन्हा टोळीत गेली, आता मार्च-एप्रिलपर्यंत येत नाही. शेजारणीजवळ निरोप ठेवला आहे. स्नेहलला सांगण्याजोगं एवढंच आहे.

रेश्माच्या रिकाम्या जागी मी उभा राहतो. तिथे उभं राहिल्यावर कळलं, की माझं ते कार्ड मुळात चूकच होतं. दोघींना ते काम जेवणाच्या सुट्टीपर्यंतच झेपतं, पुढे हात चालत नाहीत. प्रमुख असताना मी वही घेऊन आलो होतो, पण एक तास तिथे उभा राहिलो नव्हतो. हे मी मॅनेजरसाहेबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी तिसऱ्या माणसाची जागा कायम ठेवली.

जेवायला अजून एकटाच बसतो. लंकाबाई माझ्या डाव्या हाताला उभ्या असतात. परवा पहिल्यांदाच, काम करता करता माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ट्रे लई खाली हाय, त्यानं मान मोडती. मी सुट्टीत भंगारातली एक फळी आणून ट्रेखाली सरकवली. कार्ड लिहिलं नाही, बोर्डावर आकडा लावला नाही.

काल आल्या, ट्रेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, वाकडी बसवलीया, काढा ती. मी काढून पुन्हा बसवली. तरी त्यांचं समाधान नाही. उद्या सोमवारी त्या स्वतः दाखवणार आहेत.

आईला नमस्कार. तुझा लोभ या पॅकिंगवाल्यावरही तेवढाच राहू दे.

तुझा,
बिभीषण