बुर्ज झाला आणि आबा खाली आले

बिरवाडी, ता. महाड
४ ऑगस्ट

तीर्थस्वरूप सदूकाकांच्या पायांवर मंगेशचं डोकं (पाय मुलुंडला असल्यामुळे तूर्त या कागदावर टेकवलं आहे, गोड मानून घ्यावं).

काकूंचे गुडघे कसे आहेत? तुमची साखर काय म्हणते? इकडे सगळे सुखरूप आहेत. 'सुखरूप' हा शब्द मी या वेळी पत्राची रीत म्हणून लिहिलेला नाही, खरोखरच आहेत. आबा आणि आई १० जूनपासून डोंगरातली वाडी सोडून खाली बिरवाडीत माझ्याकडे राहायला आले आहेत. हो, आबा म्हणजे तुमचे थोरले बंधू हैबती, तेच. आधी घोटभर पाणी प्या, मग पुढचं वाचा.

फोन सोडून पत्र कशाला, असं काकू विचारतील. त्यांना सांगा की अठरा वर्षांपूर्वी गणपतीत आबांनी तुम्हाला उंटाची चाल परत घेऊ दिली नाही (उंटावरचा हात सुटला म्हणजे चाल झाली, असं त्यांचं म्हणणं, हात सुटलाच नव्हता, एक बोट टेकलेलं होतं, असं तुमचं). तुम्ही पट उधळलात, सकाळच्या एसटीनं पोलादपूर सोडलंत, आणि तेव्हापासून आमच्या घरचा कुठलाही नंबर तुमच्याकडे नुसता वाजतो आणि वाजून वाजून थकतो. पण तुम्ही पोस्टात चौतीस वर्षं काढलीत. आलेलं टपाल न फोडता ठेवणं तुमच्याच्यानं व्हायचं नाही, हे हेरून मी ही खेळी केली आहे. बघा, मीसुद्धा खेळी-बिळी बोलायला लागलो! आता का ते सांगतो.

घरामागच्या डोंगराला गेल्या पावसात भेग पडली. आधी हात जाईल एवढीच होती, दिवाळीला आमची शेळी तिच्यात पाय अडकवून बसली. तालुक्याहून माणसं आली, बघून गेली, आणि पावसाळ्यात वाडीतल्या सातही घरांनी खाली राहायला जावं अशी नोटीस चिकटवून गेली. तळीयेला दरड कोसळून काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्यावर मी लिहीत नाही, लिहवत नाही. पण आबा! त्यांनी नोटीस नीट सोडवून घडी घातली आणि कपाटाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवली. 'माज्या बापानं हितं डोळं मिटलं, मला काय धाड भरलीय खाली जायला?' आणि हैबती हलत नाही म्हटल्यावर बाकीची सहा घरंही जागची हलेनात. मी पाया पडलो, आईनं अबोला धरला (त्यात आबांना उलट आरामच वाटला), माझ्या अंकितानं नातीची शपथ घातली. उपयोग शून्य. शेवटी जानेवारीत एका रविवारी मी फारच कटकट केली तेव्हा आबांनी मागच्या पडवीत पट मांडला आणि म्हणाले, 'पावसाआधी मला ह्याच्यात हरवून दाव. गुमान तुज्या मागनं येतो. न्हाय जमलं तर परत नाव काढायचं नाय.'

काका, मला बुद्धिबळ येत नव्हतं हो! तुम्ही दोघं बसलात की आम्हा पोरांना पडवीत पाय ठेवायची बंदी. एकदा मी मधेच हसलो म्हणून तुम्हीच माझा कान पिरगळला होतात (डावा, अजून थंडीत दुखतो). घोडा अडीच घरं जातो एवढंच मला माहीत होतं. आणि हरवायचं कुणाला, तर चाळीस वर्षांत ज्यांना तुमच्याशिवाय कुणी शहसुद्धा दिला नाही त्यांना.

मग मी अभ्यासाला बसलो. आमच्या कंपनीत राजेश म्हणून माझ्याच शिफ्टचा ऑपरेटर आहे, त्याला या खेळाचा नाद. त्यानं मोठमोठ्या खेळाडूंच्या गाजलेल्या डावांचं एक जाडजूड पुस्तक दिलं आणि फोनवर रोज कोडी सोडवायचं ॲप टाकून दिलं. 'पांढऱ्याची खेळी, दोन चालींत मात' असली ती कोडी. कंपनीच्या बसमध्ये पाच, डबा खाताना तीन, घरी मोरीत किती ते अंकिता मोजायची आणि बाहेरून कडी वाजवायची. सुरुवातीला ॲपनं माझ्या खेळाच्या पातळीचा म्हणून जो आकडा दिला तो इतका लहान होता की राजेशला वाटलं ते माझं वजन. एकदा पुस्तकात पाहिलं की एका महान खेळाडूनं आपला वजीर हसत हसत फुकट दिला आणि सहा चालींनी मात केली. मी दुसऱ्या दिवशी राजेशला माझा वजीर तसाच हसत हसत दिला. त्यानं तो घेतला. मी पुढच्या सहा चालींची वाट बघत बसलो, त्या काही आल्या नाहीत. देणं सोपं, का दिला ते कळणं कठीण, हे तेव्हा समजलं. मग मी पुढची चाल हातानं झाकून आधी स्वतः ओळखायचो आणि मगच हात काढायचो. असे दोनशे डाव केले. अंकिता म्हणाली, 'एवढा अभ्यास बारावीला केला असता तर आज मी इंजिनिअरची बायको असते.' पण तिनं चहा कधी बंद केला नाही, हेही लिहून ठेवतो.

एप्रिलमध्ये राजेशला सलग तीन वेळा हरवलं आणि छाती काढून वाडीवर गेलो. बसलो. पुस्तकातल्या सगळ्या थोरांना मनातल्या मनात नमस्कार केला आणि राजापुढचं प्यादं ऐटीत दोन घरं पुढं टाकलं. आबांनी ते उचलून एक घर मागं ठेवलं. 'प्यादं चालतं रे, उड्या मारत नाय.' अहो काका, दोनशे डाव! दोनशेच्या दोनशे डावांत प्यादं पहिल्यांदा दोन घरं जातं! आपल्याकडचा जुना देशी खेळ वेगळा असतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. कोण सांगणार, जे सांगणार ते मुलुंडला रुसून बसलेले. सगळ्या पाठ केलेल्या सुरुवाती एका चालीत पाण्यात गेल्या. तरी मी धीर धरला. त्यांचा राजा कोपऱ्यात त्याच्याच प्याद्यांमागं कोंडला, हत्ती रांगेवर आणून ठेवला, पुढच्या खेळीला मात. हे कोडं मी कमीत कमी तीनशे वेळा सोडवलेलं. मी आईला हाकसुद्धा मारली, की बॅगा भर. तेवढ्यात आबांनी राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवून बाहेर काढला. मी ओरडलो, हे काय? 'राजाला जल्मात एकदा घोड्याची उडी असते. शह बसला की ती जाते. तू शह न देता नुसता घोळ घालत बसलास.' नंतर दहा चालींत मी मेलो. आईनं भरलेली बॅग रिकामी केली. तो आवाज मला घरी येईपर्यंत ऐकू येत होता.

काका, हसू नका. त्या दिवशी उतरताना मी भेगेपाशी उभा राहिलो. तिच्यात आता शेळी अख्खी गेली असती. मला भीती वाटली, सरळ लिहितो.

मे महिना मी झपाटल्यासारखा काढला. तीच कोडी, पण आता राजेशला देशी नियमानं खेळायला लावलं (तो म्हणाला, तुझ्या बापाचे आणखी किती नियम आहेत ते एकदाच विचारून घे. ऐकायला हवं होतं). ८ जूनला, रविवारी, पुन्हा बसलो. वाडीतली सहाही घरं पडवीत. या खेपेला मी पहिल्या दहा चालींतच एक फुकटचा शह दिला आणि राजाची उडी मारून टाकली. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुस्तकाचा धडा: आपलं बळ जास्त असेल तर मारामारी करत जावं. मी मारत गेलो. घोडे गेले, उंट गेले, त्यांचा वजीर एका कोड्यातल्या युक्तीनं टिपला तेव्हा शेजारच्या सोनाबाईंनी टाळी वाजवली. शेवटी माझ्याकडे वजीर, हत्ती आणि दोन प्यादी. त्यांच्याकडे राजा आणि एक प्यादं. सरळ मात करता येत होती. पण मला सुटली हाव. म्हटलं, तेही घेऊ. घेतलं.

आबांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. 'बुर्ज.'

बुर्ज म्हणजे काय हे तुम्हाला काय सांगायचं, पण काकूंसाठी लिहितो: देशी खेळात समोरचा राजा अगदी एकटा पडला की डाव तिथंच थांबतो, मात करता येत नाही. 'येकट्या राजाला मारायची रीत नाय,' आबा म्हणाले. पाच महिने, दोनशे डाव, हजारभर कोडी, आणि एका प्याद्याच्या हावेपायी सगळं घालवलं. मी पटाकडे बघत बसलो. आबा उठले, मागच्या दारातून डोंगराकडे बराच वेळ बघत राहिले, आणि आत येऊन म्हणाले, 'बुर्ज म्हंजे अर्धी जीत. अर्ध्या जितीला अर्धं येनं. पावसाचं चार म्हयनं येतो. दसऱ्याला परत.' बारातले चार म्हणजे अर्धे होत नाहीत, हे मला चांगलं कळतं. मी उठून ट्रंक काढली.

गाय आणि शेळी तुडीलला मामांकडे ठेवली आणि एक ट्रंक, एक पट आणि आईच्या तीन कोंबड्या एवढा लवाजमा खाली आला. तीन दिवसांत सहाही घरं उतरली. आबांचं पहिलं वाक्य, 'डोंगर पडंल म्हनून आनलास, आनि हितं सावित्रीचं पानी घरात येतं त्याचं काय?' म्हटलं, आपण दुसऱ्या मजल्यावर आहोत. ते खिडकीतून खाली बघून आले, मग बसले.

आणि २२ जुलैला, दुपारी जेवायच्या वेळेला, डोंगर आला. गोठा आणि ती पडवी, दोन्ही मातीखाली गेली. पुढचं घर उभं आहे. वाडीत माणूस म्हणून कुणी नव्हतं. फोन आला तेव्हा मी कंपनीत होतो. गेटबाहेर जाऊन रडलो, आणि कितीतरी महिन्यांनी पोटभर श्वास घेतला. घरी आलो तर आबा पट पुसत होते. 'ह्यो आनला तेवढं बरं केलं,' एवढंच म्हणाले. रात्री भाकरी मात्र एक जास्त खाल्ली.

असो. कागद संपत आला. काकूंना नमस्कार, गुडघ्यांना आराम.

तुमचा (डाव्या कानाचा)
मंगेश

ता. क. परवा गाय बघायला तुडीलला गेलो होतो. तिथं एक म्हातारबुवा देशी बुद्धिबळ खेळणारे भेटले. त्यांना विचारलं तर म्हणाले, बुर्ज म्हणजे निव्वळ बरोबरी. अर्धी-बिर्धी जीत असलं काही त्यांनी उभ्या जन्मात ऐकलेलं नाही. तुम्ही आबांशी सगळ्यात जास्त खेळलात, तेव्हा तुम्हीच सांगा, असा नियम आहे का? मी आबांना विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

आणखी एक. आबा आता जवळजवळ रोज माझ्याशी खेळतात. आजवर एक्केचाळीस डाव झाले, एक्केचाळीस वेळा मला मात, त्यातल्या नऊ वेळा नुसत्या प्याद्यानं, सोसायटीसमोर. राजेश घाबरून घरी येत नाही. सगळं पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच लिहिलं: गणपतीत इकडे या आणि मला सोडवा.

शेवटचं. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात आबांनी विचारलं, कुणाला रे? म्हटलं, सदूकाकांना. मग पट ओढला आणि एकेक मोहरं मांडत गेले. अठरा वर्षांपूर्वीचा तो डाव काका, एक घरसुद्धा चुकलं नाही. तुमचा उंट त्यांनी स्वतःच्या हातानं मागच्या घरात ठेवला आणि म्हणाले, 'लिही त्याला. बोट टेकलेलं व्हतं. चाल त्याची हाय.'