दगडाची पाठ

माय, आपल्या फाट्यावरचा तेलगावचा मैलाचा दगड आज हलवला. तुला कुणीतरी सांगायला हवं, म्हणून लिहितेय. रस्ता आता सिमेंटचा होतोय, दुप्पट रुंद. आजीनं बहात्तरच्या दुष्काळात ज्याची खडी फोडली आणि तू रोजंदारीवर ज्याचे खड्डे बुजवलेस, तो हाच. नकाशात त्याला राज्य महामार्ग म्हणतात, पण चार गावं ओलांडली की संपतो.

दगड रंगवायचा दिवस मला अजून दिसतो. तू आधी चुना मारतेस, माथा हिरवा करतेस, मग काळ्या रंगानं 'तेलगाव' आणि खाली आकडा. मी शेजारी बसून ब्रश पाण्यात बुडवते आणि तीच अक्षरं तापल्या डांबरावर काढते. ऊन ती पुसून टाकतं आणि तू म्हणतेस, "परत काढ." शाळेत जायच्या आधी मला एवढंच वाचता येत होतं. ऊसतोडीला निघणाऱ्या बायांसाठी मात्र तो दगड देव होता. जाताना नारळ, सुखरूप परत आल्या की शेंदूर. एकदा एकीनं तुला गाठलंच, "कावून गं, देवाच्या तोंडाला चुना फासतीस?" तू मान वर न करता म्हणालीस, "तोंड सरकारचं हाय. पाठ तुमी घ्या." तेव्हापासून शेंदूर पाठीला. अक्षरं काढताना तू डावा हात मागं त्या पाठीवर टेकायचीस, म्हणून संध्याकाळी तुझा तळवा लाल असायचा. भाकरीला बसण्याआधी तू तो राखेनं घासायचीस, आणि मी रंगाच्या हातांनी पाटी घेतली की ओरडायचीस, "आदी हात धू, मंग अक्षर!"

आज जेसीबी आला. सुपरवायझर म्हणाला, "ताई, नवे बोर्ड लागतेत. ह्यो भरावात जाईल, न्हाईतर तुमी घेऊन जा." बाया म्हणाल्या, मारुतीच्या पारावर ठेवू. मला ते पटेना. पार तर गावात, तिथून तेलगाव तेवढंच लांब कसं असेल? तुझ्यामागं तो दगड कुणी रंगवला नाही. अक्षर फिकटलंय, पण आहे तुझंच, आणि ते खोटं पडलं असतं. शेजारची काकू हसली, "काय पोर हाय! देवाला बी किलोमीटर मोजून बसवतीय." ड्रायव्हर म्हणाला, "आता मोबाईल सांगतो सगळं. दगड कोन वाचतंय?" मशीन चालूच होतं. मग सुचलं, रस्त्यानं पुढं-मागं नेला तर आकडा चुकतो, पण सरळ आडवा सरकवला तर नाही. बाजूला काकूचाच बांध. "बसव बाई," काकू म्हणाली, "देव आपल्या पायानं वावरात येतोय, मी कशाला न्हाई म्हनू?" बसवला. तोंड रस्त्याकडं, पाठ वावराकडं. बायांनी लगेच शेंदूर लावला.

सगळ्यांना वाटतं, मी आकड्यासाठी भांडले. मलाही तसंच वाटत होतं. माणसं पांगल्यावर मी दगडाच्या पाठीवर हात ठेवला, तू टेकायचीस तिथं, आणि बराच वेळ काढला नाही. हा कागद कुठं धाडायचा, ठाऊक नाही. घडी घालून ठेवून देईन. कडेला बोटांचे लाल ठसे उमटलेत. हात धुतले न्हाईत, माय.