आधी तुझं रक्त

प्रिय बबडे,

आज सकाळी दादाची दाढी केली. आता तो आवरत नाही. मान धरायला शेजारच्या मावशींना बोलवावं लागतं. अर्ध्यात त्याने माझं मनगट चावलं आणि मग माझ्याच खांद्यावर डोकं टेकून झोपून गेला. मीही तशीच बसून राहिले. हल्ली उठायचं म्हटलं की आधी मनाची समजूत घालावी लागते. बाबांच्या गुडघ्यांनी संप पुकारलाय, त्यामुळे बेकरीची भट्टीही माझ्याच गळ्यात आहे. बाकी ठीक.

बसल्या बसल्या तुझा जन्म आठवला. दादा तोवर ना धड चालत होता, ना बोलत होता. मुलगे उशिराच बोलतात, असं म्हणून सगळे माझी समजूत काढायचे. तू झालीस तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दादाकडे एकदा नीट बघितलं आणि तुझ्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतला. निकाल आल्यावर मला समोर बसवून त्यांनी सांगितलं, की दूध, अंडी, मासे, डाळी यांच्या प्रथिनांत फेनिलॲलॅनिन नावाचा एक घटक असतो. आपल्या यकृतातलं एक एन्झाइम त्याचं दुसऱ्या कामाच्या पदार्थात रूपांतर करतं. तुम्हा भावंडांत नेमकं तेच काम होत नाही. मग तो घटक रक्तात साठत जातो आणि वाढत्या मेंदूची नासधूस करतो. मी विचारलं, म्हणजे मी पाजलेलं दूधच का? त्या म्हणाल्या, "दूध वाईट नाही हो, मापात द्यायचं." दादाच्या वेळी ते माप सांगायला कुणीच नव्हतं.

मग तुझं ते लहानपण. तो घटक काढून टाकलेल्या प्रथिनांच्या पावडरचा तो वास मारणारा पेला तू नाक दाबून प्यायचीस आणि माझ्याकडे अशी बघायचीस, जणू मी सावत्रच. बाबा बेकरीत लोकांसाठी लोणी लावलेले पाव भाजायचे आणि तुझ्यासाठी नुसत्या स्टार्चचा, खडूसारखा. कुणाच्या वाढदिवसाला गेलीस की मी दारातच उभी, हिला केक देऊ नका म्हणून. लोक मला कंजूष, खाष्ट, काय काय म्हणायचे. पण तू शाळेत पहिली आलीस त्या दिवशी बाबा भट्टीमागे जाऊन रडले. तुला ते कधी सांगितलं नाही.

हॉस्टेलला गेलीस आणि पेला सुटला. "आई, मेंदू वाढायचा तेवढा वाढला, आता मला माणसासारखं जेवू दे," म्हणालीस. त्या वेळचे डॉक्टरही म्हणायचे, मोठेपणी थोडी ढील चालते. आणि खरं सांगू? मी दमले होते. दोन मुलांच्या तोंडाशी रोज भांडून माझ्यातला जोर संपला होता. तू हवं ते खात होतीस, हसत होतीस, नोकरी करत होतीस. मी गप्प बसले.

परवा जावईबापूंचा फोन आला. आम्ही आता बाळाचा विचार करतोय, तुम्ही आजी होणार, म्हणाले. किती आनंदात होते. त्यांच्या बोलण्यावरून कळलं, की तुझ्या आजाराबद्दल त्यांना काहीच माहीत नाही. मी दवाखान्यात जाऊन नव्या डॉक्टरांना विचारून आले. बाळाला हा आजार नसला तरी तुझ्या रक्तात साठलेलं ते सगळं पोटातल्या जिवापर्यंत पोचतं. त्याचा मेंदू, त्याचं हृदय घडत असतानाच बिघडतं. दिवस गेल्यावर पथ्य धरून भागत नाही, रक्तातलं ते प्रमाण आधी उतरवावं लागतं आणि शेवटपर्यंत उतरलेलं ठेवावं लागतं. तसं केलं तर बाळ अगदी सुदृढ होतं, हेही त्यांनीच सांगितलं. तेव्हा रक्त तपासून घे, पेला परत सुरू कर, आणि ते प्रमाण उतरेपर्यंत बाळासाठी थांबा. जावईबापूंना आजच सांग. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि माणूस समजूतदार आहे. रविवारपर्यंत तू सांगितलं नाहीस, तर मी स्वतः फोन करून सांगेन. मग तू माझ्याशी जन्मभर बोलली नाहीस तरी चालेल. तुझा राग मी लहानपणापासून सोसत आले आहे. पण तुझ्या खांद्यावर असं जड डोकं टेकलेलं मला बघवणार नाही गं.

रागावलीस तरी तुझीच,
आई