चढावर जळणारा पट्टा

६ मे, मंगळवार

पट्टा पुन्हा जळला! चढ अर्धा झाला होता. मेंढ्या पुढे, मी मागे, आणि पाठीमागून तो वास — रबर तव्यावर टाकल्यासारखा. मग इंजिन नुसतं ओरडायला लागलं, चाकं जागच्या जागी. गाडी म्हणजे दोघं शेजारी शेजारी बसतात ती उघडी डोंगरगाडी. एक जागा माझी, एक कुत्र्याची. आधी कुत्रा उतरला. शहाणा आहे.

चालत घरी आले.

हे मी सांगते आणि लॉरिंडा लिहिते. माझ्या बहिणी शाळेत गेल्या, मला मेंढ्यांमागे ठेवलं. त्यांच्या वह्या भरल्या, आता माझीही एक भरू दे. लॉरिंडा पोटची मुलगी आहे, फुकट लिहिते. (तोंड वाकडं केलं. तेही लिही.)

७ मे

जावयाने, लॉरिंडाच्या नवऱ्याने, गाडी ओढून आणली. मी होगनच्या, आमच्या गोल मातीच्या घराच्या आत, दाराला घोंगडी. आमच्यात सासूने जावयाचं तोंड पाहायचं नाही, त्याने सासूचं नाही, नाहीतर डोळे जातात. अकरा वर्षं मी हर्शेलचे बूट ओळखते, खोकला ओळखते. चेहरा नाही. लॉरिंडा म्हणते, देखणा आहे. ती म्हणणारच!

म्हणजे मी लॉरिंडाला सांगायचं, तिने त्याला. तो विचारणार, ती आत येऊन मला विचारणार. एका पट्ट्यासाठी केवढ्या येरझाऱ्या!

९ मे

नवा पट्टा आला. तो म्हणे क्लचच्या दोन थाळ्यांमध्ये दाबून धरलेला असतो. थाळ्या काचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या, म्हणून पट्टा घसरायचा आणि तापायचा. हर्शेलने थाळ्या घासल्या, काळा भुगा फुंकून काढला, धूळ जाऊ नये म्हणून हवेची नळी उंच केली. लॉरिंडा चढ चढून आली. वास नाही, काही नाही.

बाहेरून त्याचा आवाज — "आईंना सांग, आता गाडी नाचायला न्या!"

मी आतून — "त्याला सांग, आधी मेंढ्यांना विचारते."

१० मे

जळला.

१२ मे, सोमवार

मला कळत नाही. तोच चढ, तीच गाडी. लॉरिंडा बसली की मांजर. मी बसले की वास.

"आई, तुझं वजन," लॉरिंडा म्हणाली.

"तुझ्याहून कमी आहे," मी म्हटलं. वाद संपला.

पण हिवाळ्यात मी घरच्यांना कबूल करून बसले — एक जूनपर्यंत गाडी पाण्याचं पिंप घेऊन वरच्या उन्हाळी तळावर पोचली नाही, तर मेंढ्या विकायच्या. वर विहीर नाही. पाणी न्यायलाच लागतं. मेंढ्यांचा व्यापारी एक तारखेला ट्रक घेऊन येणार. त्या मेंढ्या माझ्या आईच्या मेंढ्यांच्या पोटच्या. त्या गेल्या तर सकाळी उठून मी कोणावर ओरडू?

१४ मे

आज क्लचच्या आतली वजनं बदलली. हर्शेलचं म्हणणं, टायर मोठे, डोंगर उंच, हवा विरळ. हलकी वजनं घातली की इंजिन मोकळं फिरेल. पुढच्या चाकांचं तेलही बदललं. वाळूत उड्या मारणाऱ्या हौशी पोरांच्या गाड्या दुरुस्त करतो तो. त्याला काहीतरी नवं बसवल्याशिवाय चैन पडत नाही.

एक गोष्ट खटकली. तो लॉरिंडाला हळूच काहीतरी विचारत होता. ती मला न विचारताच म्हणाली, "हो, हो, तसंच चालवते."

"काय विचारलं गं त्याने?"

"काही नाही."

काही नाहीला कोणी दोनदा हो म्हणतं का?

मग त्याने विचारलं, वास कधी येतो? ती म्हणाली, "कधीही येतो." मी कुठे असं म्हटलं? मी म्हटलं होतं, फक्त चढावर, मेंढ्यांमागे हळू जाताना! घोंगडीच्या आतून ओरडले तर म्हणाली, "सांगते, सांगते." सांगितलं की नाही, कोण जाणे.

१५ मे

जळला. हलक्या वजनांसकट.

रात्री एक वाईट विचार आला. एप्रिलमध्ये पाणी भरताना त्याच्या ट्रकच्या आरशात मला अर्धा कान आणि टोपी दिसली होती. आरशातलं पाहणं धरतात का? डोळे जायच्या ऐवजी पट्टे जात असतील का? कोणाला विचारू? माझ्याहून म्हातारं कोणी उरलंच नाही.

लॉरिंडा म्हणते, वेडी आहेस. पण तिने लिहिताना हसून दाखवलं नाही.

१९ मे, सोमवार

आज मी मध्यस्थ काढूनच टाकला. तो गाडीच्या पलीकडे जमिनीवर, मी पाण्याच्या टाकीच्या अलीकडे, तिच्याकडे पाठ करून. लॉरिंडा भाकरी तळत होती, आमच्याकडे ती तेलात तळतात.

"जावईबापू, ऐकू येतंय का?"

पलीकडे आधी नुसता खोकला. मग — "येतंय, आई."

अकरा वर्षांत पहिल्यांदा सरळ बोललो. आवाज जाडा आहे. मी समजत होते, त्याहून जास्त भित्रा.

"वास फक्त चढावर येतो. हळू जाताना."

"मला तर सांगितलं, कधीही येतो."

"मी कधी म्हटलं?"

पाना ठेवल्याचा आवाज. मग म्हणाला, "आई, एक कळत नाही. तीन उन्हाळे हा पट्टा टिकला. तुम्हीच चालवत होता. गाडीत मी काही बदललं नव्हतं. मग या वर्षीच काय बदललं?"

चुलीपाशी लॉरिंडाच्या हातून झारा पडला.

तिला विचारलं. म्हणाली, चटका बसला. हात पाहिला. चटका कुठेच नव्हता.

२१ मे

हर्शेल म्हणतो, तुम्ही चालवताना ऐकल्याशिवाय समजणार नाही. पण शेजारी बसला तर दिसणार. मागे पिंप. मग कसं?

लॉरिंडा म्हणाली, "जाऊ दे ना आता. विकून टाकू." पाठमोरीच म्हणाली.

मी जेवले नाही.

२२ मे, गुरुवार

सांगते, आणि सगळं लिही.

सकाळी हर्शेल डोळ्यांवर रुमाल बांधून आला, दोन पदरी, घट्ट. लॉरिंडाने हाताला धरून माझ्या शेजारी बसवला. मी डोक्यावरून शाल घेतली, त्याच्या बाजूची कड गालापर्यंत ओढली, समोर तेवढी फट. शेजारी जावई, आंधळी कोशिंबीर खेळतोय जसा! कुत्र्याने दोघांकडे पाहिलं आणि घरी गेला.

"आई, हळू हं."

"घाबरू नकोस. तुला खड्डा दिसणारच नाही."

हसला. मग चढ लागला. मेंढ्या पुढे, मी मागे, रोजच्यासारखी. इंजिन दबल्यासारखं घुरघुरायला लागलं. वास यायच्या आत तो म्हणाला, "थांबा."

चाचपडत त्याचा हात दांड्यावर आला.

"आई, हा टोकाला आहे."

"मग कुठे असणार? तिथे ढकलला की गाडी पुढे जाते."

"हा सपाट रस्त्यावर पळायचा गियर. यात हळू चढलं की पट्टा घसरतो, जळतो. टोकाच्या आधी एक खाच आहे. ती चढाची, ओझ्याची."

"नेहमी?" त्यानेच पुन्हा विचारलं. "नेहमी टोकालाच ठेवता?"

"नेहमी. दुसरं मला कोणी सांगितलंच नाही. तिथे अक्षरं असतील, पण माझी शाळा मेंढ्यांच्या मागे."

त्याचा हात दांड्यावर तसाच थांबला. मला वाटलं, रुमाल घट्ट झाला. त्याने दांडा एक खाच मागे घेतला.

गाडी चढली! संथ, पिंपासकट, पाणी हिंदकळत. वर तळाच्या झाडांपर्यंत. वास फक्त देवदारांचा. मी ओरडले, मेंढ्या बिथरल्या.

त्याने टाळीसुद्धा वाजवली नाही.

२३ मे

व्यापाऱ्याला निरोप गेला, येऊ नकोस. मटण शिजवलं. दोन आठवडे थाळ्या, वजनं, नळ्या — आणि दोष निघाला एका खाचेचा! मी दिवसभर सांगत सुटले, "मला कोणी सांगितलंच नाही."

हर्शेल भिंतीपलीकडे जेवला. चिडवलं तर अर्धं ताट परत आलं. लॉरिंडाही ताटातलं नुसतं चिवडत होती. जिंकल्यावर ही दोघं अशी का बसतात?

२४ मे, शनिवार

लॉरिंडाने मला गाडीपाशी नेलं. दांड्याच्या त्या खाचेशी एक चिंधी बांधलेली, मातीच्या रंगाची झालेली. म्हणाली, "आई, ही तूच बांधलीस. तीन वर्षांपूर्वी. हर्शेलने मला सांगितलं, मी तुला दाखवलं, तू घागऱ्याची कड फाडून खूण केलीस. तीन उन्हाळे याच खाचेवर वर गेलीस."

कड माझ्या तांबड्या घागऱ्याची आहे. घागरा आठवतो. बाकी काही नाही.

हर्शेलने तिला हळूच विचारलं होतं ते या खाचेबद्दलच; दोन आठवडे ती वाट पाहत होती — दोष गाडीतच निघेल, माझ्यात नाही म्हणून.

किल्ली तिला दिली. वर जायचंच, चालवेल ती.

आणखी काय काय विसरले मी, लॉरिंडा? थांबू नकोस. लिही.