फिल्टरचा चौथा बोल्ट

प्रति,
मा. वाहन नोंदणी अधिकारी,
प्रदूषण नियंत्रण शाखा, दुसरा मजला.

विषय : रस्त्याबाहेरील जुन्या गाडीचा धूर गाळणारा फिल्टर काढावा की ठेवावा, याचा निर्णय मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची तीन उत्तरे (तिन्ही एकमेकांकडे बोट दाखवणारी).

महोदय,

१. मी टेकडीवरच्या टॉवरचा रखवालदार असून पत्नीसह टॉवरखालच्या दोन खोल्यांत राहतो. रात्री जागा सोडायची नाही, ही नोकरीची अट आहे. पत्नीची फुप्फुसे कमजोर आहेत. दर गुरुवारी तिला तपासणीसाठी खाली न्यावे लागते. त्यासाठी माझ्याकडे जुनी डिझेल गाडी आहे. तिची नोंदणी 'रस्त्याबाहेरील वाहन' अशी असल्याने ती टेकडीच्या कच्च्या वाटेने पायथ्याच्या फाटकापर्यंतच जाते. पुढे आम्ही रिक्षा करतो.

२. सदर गाडीच्या सायलेन्सरआधी काजळी अडवणारा फिल्टर आहे. गाडी अर्धा तास सलग वेगात पळाली, की आतली काजळी जळून तो आपोआप मोकळा होतो. आमच्या वाटेवर दुसऱ्या गिअरच्या पुढे जाण्याची सोय नाही. त्यामुळे फिल्टर तुंबला आहे आणि गाडी चढ घेत नाही. मेकॅनिकने दोनदा हवा मारून पाहिली, महिनाभरात पुन्हा तेच.

३. म्हणून मी हायवेवर अर्धा तास गाडी चालवण्याची परवानगी मागितली. आपण प्रदूषण प्रमाणपत्र जोडण्यास कळवले. गाडी ट्रकवर चढवून तपासणी केंद्रात नेली. केंद्रचालक म्हणाले, इंजिन पुरते रेस होत नाही, आधी फिल्टर मोकळा करून आणा. फिल्टर हायवेवर मोकळा होतो. हायवेला प्रमाणपत्र लागते. मी हे खिडकीवरच्या लिपिकांना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि गाडी टॉवरभोवतीच गोल फिरवावी, असे सुचवले. मी तेही केले. टॉवरभोवती गाडी पळवायला जागा किती असणार? मला भोवळ आली, आणि माझे डोके ठिकाणावर आहे ना हे पाहायला फाटकावरचा पहारेकरी धापा टाकत वर आला. फिल्टर जसाच्या तसा आहे.

४. मागच्या गुरुवारी खाली उतरलो ते उतारामुळे. परतताना गाडी पहिल्याच वळणावर बसली. तिथे वस्तीतल्या लहान मुलांची शाळा आहे. पत्नी शाळेच्या पायरीवर दम खात बसली, मुलांनी तिला पाणी आणून दिले, एकाने तर वहीने वारा घातला. नंतर आम्ही चालत वर आलो. प्रत्येक वळणावर ती बसत होती आणि "झालंच आता" असे मलाच समजावत होती. तिचे ओठ निळे पडले होते. मी घाबरलो आहे.

५. मेकॅनिकचे म्हणणे त्याच्याच शब्दांत देतो, क्षमा असावी : "चार बोल्टचं काम आहे. फिल्टर काढून साधा पाइप टाकतो, गाडी सुसाट वर जाईल. डोंगरावर विचारायला कोण येतंय?" मेहुण्याचेही हेच मत आहे. फिल्टर काढणे गुन्हा आहे हे मी जाणतो. खरे सांगायचे तर तेवढ्यावर मी अडलो नसतो. अडवले आहे ते पत्नीने. ती म्हणते, "वाट त्या शाळेच्या खिडकीखालून जाते. छाती भरली की काय होतं ते मला विचारा. माझ्या श्वासापायी त्या पोरांच्या नाकात काजळी नको."

६. यावर तिने स्वतःच तोड काढली आहे. उतरता येते, चढता येत नाही, तर आता उतरायचे आणि खालीच राहायचे. शाळेच्या मावशींनी एक खोली देऊ केली आहे. बॅग भरून दाराशी ठेवली आहे. तिच्याशिवाय या दोन खोल्यांत मला करमणार नाही. मी नोकरी सोडली, तर तिच्या औषधांचे वांधे होतील.

७. काल पत्नी झोपली असताना मी ट्रॅक्टरने ओढून वर आणलेल्या गाडीखाली शिरून तीन बोल्ट सैल केले. चौथ्याला पाना लावला आणि तसाच पडून राहिलो. शेवटी बाहेर आलो. तो बोल्ट अजून घट्ट आहे, पण माझा भरवसा नाही.

तरी गुरुवारच्या आत हायवेवरचा अर्धा तास मंजूर व्हावा. आपल्या कार्यालयाचा माणूस शेजारच्या सीटवर बसवलात तरी माझी हरकत नाही. मंजूर होणार नसेल, तर तसे स्पष्ट कळवावे, म्हणजे बॅग मीच खाली नेऊन ठेवीन.

आपल्या उत्तरासाठी खोळंबलेला,
नम्र अर्जदार
(सही)
टॉवरचा रखवालदार
मंगळवार, दि. १४

सोबत :
(१) आपली तीन उत्तरे.
(२) डॉक्टरांचा दाखला.
(३) फिल्टर काढण्यास पत्नीची लेखी हरकत.

ता. क. परिच्छेद ४ मधील 'मी घाबरलो आहे' हे वाक्य सरकारी कागदात शोभत नाही म्हणून पत्नीने खोडले होते. ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी ते पुन्हा लिहिले आहे. खाडाखोड माझी समजावी.